दोन ओढी आणि एक भूमिती

श्रोतेहो, सातवी-आठवीच्या वर्गात विज्ञानाच्या तासाला एक प्रश्न केव्हा ना केव्हा निघतोच. गुरुजींनी लोहचुंबक टाचण्यांच्या ढिगावर धरलेला असतो, टाचण्या टपाटप त्याला चिकटतात, आणि मागच्या बाकावरून कोणी तरी विचारते, "गुरुजी, चुंबक टाचणीला ओढतो आणि पृथ्वी दगडाला ओढते, मग या दोन्ही ओढी एकच का?" गुरुजींना अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो. "नाही रे, ते गुरुत्वाकर्षण आणि हे चुंबकत्व, दोन्ही धडे वेगळे आहेत," असे सांगून ते पुढे जातात. उत्तर तसे चूक नाही. परंतु ज्या प्रश्नावर त्या पोराला एका वाक्यात खाली बसवले, त्याच प्रश्नापायी आइन्स्टाइनसारख्या माणसाने आयुष्याची शेवटची तीस वर्षे खर्ची घातली, ही गोष्ट त्याच्या कानावर जात नाही. त्या प्रश्नाचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. त्यात आपल्या मराठी माणसांचाही वाटा आहे, आणि त्याचे एक नवे प्रकरण आपल्या मराठवाड्यातच सुरू होत आहे.

प्रथम दोन्ही ओढींची ओळख करून घेऊ. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत प्लॅस्टिकची फणी केसांतून दहा-पाच वेळा फिरवा आणि कागदाच्या बारीक कपट्यांजवळ न्या. कपटे टुणकन उडून फणीला चिकटतील. यात नवल कोणते? त्या कपट्याला खाली धरून ठेवावयास अख्खी पृथ्वी बसलेली आहे, आणि वर ओढावयास ही वीतभर फणी. तरी फणी जिंकते! अणूच्या पोटात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांच्यामध्ये दोन्ही ओढी असतात. तेथे विजेची ओढ गुरुत्वाकर्षणाच्या किती पट आहे म्हणाल, तर दोनावर एकोणचाळीस शून्ये द्यावीत, सुमारे तितकी पट. आपल्याला गुरुत्वाकर्षण मोठे वाटते ते पृथ्वी मोठी म्हणून, आणि वीज एरवी दिसत नाही ती धन आणि ऋण विजेची फिटंफाट झालेली असते म्हणून.

इतका फरक असूनही दोघींची चेहरेपट्टी जुळते. अंतर दुप्पट केले की ओढ चौथाई होते, तिप्पट केले की नवमांश. गुरुत्वाकर्षणाचा हा नियम न्यूटनने १६८७ साली ग्रंथरूपाने मांडला आणि विजेचा तसाच नियम फ्रान्सच्या कुलोंबने १७८५ साली प्रयोगाने दाखवला. तोंडवळा एक दिसला म्हणजे आपण विचारतोच की, तुम्ही एकाच घरच्या का? शास्त्रज्ञांनीही तेच विचारले.

हा प्रश्न हाती घेऊन प्रयोगाला बसणाऱ्यांत पहिले मोठे नाव मायकेल फॅरडे याचे. हा लोहाराचा मुलगा. शाळा जेमतेम झालेली. चौदाव्या वर्षी तो पुस्तक बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारीला लागला, आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचूनच शहाणा झाला. १८३१ साली त्याने चुंबक हलवून तारेत वीज निर्माण करून दाखवली. आज आपल्या परळीच्या औष्णिक केंद्रात वीज तयार होते ती याच तत्त्वावर. या माणसाच्या मनाने घेतले की, चुंबक हलवला की वीज निर्माण होते, तर दगड पृथ्वीकडे पडताना का होऊ नये? १८४९ साली त्याने तारेच्या वेटोळ्यांसह निरनिराळ्या पदार्थांचे गोळे उंचावरून खाली सोडले आणि तारेत विजेचा मागमूस लागतो का हे पाहिले. काही लागला नाही. त्याने तसे प्रामाणिकपणे जाहीर केले. मात्र या दोन शक्तींचे नाते असलेच पाहिजे, ही आपली समजूत अपयशाने ढळलेली नाही, हेही नोंदवून ठेवले. दहा वर्षांनी, १८५९ मध्ये, उंच मनोऱ्यावर शिसे चढवून-उतरवून त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा शून्य.

त्यानंतर १८६५ साली मॅक्सवेलने वीज, चुंबकत्व आणि प्रकाश ही तिन्ही एकाच क्षेत्राची रूपे आहेत हे गणिताने दाखवले. तीन धड्यांचा एक धडा झाला! साहजिकच चौथा धडाही यात बसेल अशी आशा उत्पन्न झाली. पण चौथा धडा भलत्याच दिशेने निघाला. तो भूमितीकडे गेला.

हे समजावयास थोडी शेतीची मदत घेऊ. सपाट रानात दोन औतांनी शेजारीशेजारी सरळ तास धरले, तर ते तास कितीही लांब नेले तरी एकमेकांना मिळावयाचे नाहीत. आता अशी कल्पना करा की, एक औत बीडहून आणि दुसरे परळीहून निघाले, दोघेही नाकासमोर उत्तरेकडे चालले, आणि वाटेत डोंगर नाही, समुद्र नाही. हे दोन तास हळूहळू जवळ येत जातील आणि उत्तर ध्रुवावर एकमेकांना मिळतील. लांबून पाहणारा म्हणेल, औतांना एकमेकांची ओढ आहे! खरे पाहता ओढ कसली नव्हतीच. बैलांनी तास वाकडा काढला नाही. जमीनच वाकलेली होती. अशा वाकलेल्या अवकाशाचे गणित जर्मनीतल्या रीमान या तरुणाने १८५४ सालीच मांडून ठेवले होते. आइन्स्टाइनने नोव्हेंबर १९१५ मध्ये ते उचलले आणि सांगितले की, गुरुत्वाकर्षण ही ओढ नव्हेच. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ यांची मिळून जी जमीन आहे ती वाकते, आणि वाकलेल्या जमिनीवर सरळ चालणाऱ्याची वाट आपल्याला वळलेली दिसते. २९ मे १९१९ च्या खग्रास ग्रहणात इंग्रज ज्योतिर्विद एडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण मोजले. ते आइन्स्टाइनच्या हिशेबाप्रमाणे वळलेले निघाले.

मग विजेलाही हीच भूमिती का लावू नये? येथेच खरी गाठ आहे, आणि ती नीट पाहिली म्हणजे पुढचा सगळा इतिहास उलगडतो. बीडजवळच्या खजिना विहिरीसारख्या एखाद्या खोल विहिरीत एक मोठा धोंडा आणि एक लहान खडा एकदम सोडा. दोघांचा 'डुबुक' आवाज जवळजवळ एकाच क्षणी येतो. हवेचा अडथळा सोडला तर लोखंड असो, लाकूड असो की सोने असो, सर्व पदार्थ सारख्याच वेगाने पडतात. गुरुत्वाकर्षणापाशी लहान-थोर हा भेद नाही. म्हणून तर त्याचे कारण पडणाऱ्या वस्तूत न शोधता जमिनीत शोधता येते. जमिनीचा वाक सर्वांना सारखाच असणार. विजेचे तसे नाही. चुंबक लोखंड उचलतो आणि तांब्याला विचारीत नाही. धन वीज ज्याला जवळ ओढते त्याच्या शेजाऱ्याला दूर ढकलते, आणि ज्याच्यावर वीजच नाही त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. एकाच वाटेवर एक गडी डावीकडे वळला, दुसरा उजवीकडे आणि तिसरा सरळ गेला, तर दोष जमिनीला कसा द्यावा? जमीन काही माणूस पाहून वाकत नाही.

ही गाठ सोडवावयाचा पहिला मोठा प्रयत्न हर्मान वाईल या गणितज्ञाने १९१८ साली केला. त्याचा विचार असा. समजा, बीडच्या दोन कापड-दुकानदारांनी एकाच लोहाराकडून तंतोतंत सारखे दोन गज घडवून घेतले. एक गज माजलगावच्या वाटेने अंबाजोगाईस गेला, दुसरा केजच्या वाटेने. तेथे दोन्ही शेजारी ठेवले तर त्यांची लांबी सारखीच भरेल, असे आपण गृहीत धरतो. वाईल म्हणाला, कशावरून? वाकलेल्या जमिनीवर चालून आलेल्या माणसाच्या तोंडाची दिशा वाटेप्रमाणे बदलते, हे रीमानच्या भूमितीत मान्यच आहे. मग लांबीही वाटेप्रमाणे बदलत असेल. ही मुभा दिली की गणितातून जादा समीकरणे निघतात, आणि ती पाहावीत तर मॅक्सवेलची, विजेची! आइन्स्टाइन या कल्पनेवर खूश झाला. पण त्याने लगेच एक आक्षेप काढला. मिठाचा खडा चुलीच्या जाळात टाकला की जाळ पिवळा होतो. मीठ कोकणातले असो की कच्छच्या रणातले, पिवळा रंग एकच. मिठातला सोडियमचा अणू लाखो वर्षे कोठकोठून फिरून आला असेल. लांबी-रुंदी जर वाटेवर अवलंबून असती तर प्रत्येक अणूचा रंग निराळा पडला असता. सृष्टीतले गज बदलत नाहीत. कल्पना सुंदर, पण खरी नव्हे.

दुसरा प्रयत्न कालुझा या अप्रसिद्ध अध्यापकाचा. १९१९ साली त्याने आपला निबंध आइन्स्टाइनकडे धाडला आणि तो १९२१ साली प्रसिद्ध झाला. लांबी, रुंदी, उंची आणि काळ या चार मिती आपण जाणतो. कालुझाने पाचवी मिती घेतली आणि आइन्स्टाइनचीच समीकरणे पाच मितींत लिहिली. त्यांतून चार मितींचे गुरुत्वाकर्षण तर निघालेच, शिवाय उरलेल्या भागातून मॅक्सवेलची वीजही निघाली! मग ही पाचवी मिती दिसत का नाही? याचे उत्तर ऑस्कर क्लाइन याने १९२६ साली दिले. विहिरीवरचा दोर लांबून पाहिला तर नुसती रेघ दिसते. पण दोरावरच्या मुंगीला विचारा; ती दोराच्या लांबीनेही चालते आणि दोराला वळसाही घालते. आपले अवकाशही प्रत्येक ठिकाणी असे एका सूक्ष्म वेटोळ्यात गुंडाळलेले आहे, आणि ज्या कणावर वीज आहे तो या वेटोळ्यात फिरत असतो. आपली मघाची गाठ येथे किती युक्तीने सोडवली आहे पाहा! एक गडी डावीकडे आणि दुसरा उजवीकडे जातो, कारण पाचव्या मितीत त्यांची चाल निराळी आहे. जमीन मात्र सर्वांना एकच. दुर्दैवाने हिशेब केला तेव्हा या रीतीने इलेक्ट्रॉन असावा त्याहून अतोनात जड निघाला. तेव्हा तीही वाट खुंटली.

आइन्स्टाइनने स्वतः १९२५ च्या सुमारास हा ध्यास घेतला. १९२८-२९ मध्ये एक भूमिती, नंतर पाच मिती, अखेरच्या दहा वर्षांत आणखी एक भूमिती; एक मांडायची, तपासायची, टाकून द्यायची. तरुण शास्त्रज्ञ पुंजवादाच्या मागे धावत होते, आणि म्हातारा जुन्याच वाटेवर राहिला असे लोक म्हणत. एप्रिल १९५५ मध्ये रुग्णालयात शेवटच्या दुखण्यातही त्याने आपले गणिताचे कागद मागवून घेतले. १८ एप्रिलला तो गेला आणि कागद अपुरेच राहिले.

आता आपल्या घराकडे येऊ. कोल्हापूरला १९०८ साली जन्मलेले विष्णू वासुदेव नारळीकर मुंबईहून केंब्रिजला गेले आणि तेथे त्यांना एडिंग्टनसारख्यांचे मार्गदर्शन लाभले. एडिंग्टन हे केवळ ग्रहण मोजणारे ज्योतिर्विद नव्हते; वाईलची भूमिती आणखी पुढे नेण्याचा प्रयत्न त्यांनी १९२१ साली केला होता. नारळीकर १९३२ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्रमुख म्हणून आले आणि सुमारे अठ्ठावीस वर्षे तेथे राहिले. आपल्या देशात सापेक्षतावादाचे फारसे अध्यापनही नव्हते अशा काळात त्यांनी बनारसला एक विद्यार्थिमंडळ उभे केले, आणि गुरुत्वाकर्षण व वीज यांना एका भूमितीत बसवणाऱ्या सिद्धांतांचाही तेथे अभ्यास झाला. गुजरातेतले प्रल्हाद चुनीलाल वैद्य त्यांच्याजवळ शिकावयास आले. प्रकाश बाहेर टाकीत राहणाऱ्या ताऱ्याभोवती अवकाश कसे वाकते, याचे वैद्यांनी १९४३ साली काढलेले उत्तर आजही जगभर त्यांच्या नावाने ओळखले जाते. प्रकाश म्हणजे विद्युत्-चुंबकीय लहरीच. तेव्हा दोन धडे एका पानावर आणण्याचे हे एक भरीव काम झाले.

दुसरे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. इतिहासकार म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत, परंतु त्यांचा मूळ व्यवसाय गणिताचा. गोव्यात १९०७ साली जन्मलेले कोसंबी १९३३ पासून १९४५ पर्यंत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. इतर लोक आधी जमीन मोजून मग वाटा काढीत. कोसंबींनी उलटा प्रश्न घातला की, आधी पाऊलवाटा दिल्या असतील तर त्यांवरून जमिनीची भूमिती किती ओळखता येईल? १९३३ साली या विषयावरचा त्यांचा निबंध जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्यासोबत फ्रान्सचे थोर भूमितिज्ञ कार्तां यांचे विवेचनही छापले गेले. ही भूमिती आज कोसंबी, कार्तां आणि चर्न अशा तिघांच्या नावाने प्रसिद्ध आहे.

विष्णुपंतांचे चिरंजीव जयंत नारळीकर यांना आपण सर्वजण ओळखतो. २० मे २०२५ रोजी ते पुण्यात निवर्तले. मौज अशी की, वडील ज्या भूमितीच्या वाटेने गेले तिच्या उलट टोकाने मुलगा निघाला. विजेचे सारे व्यवहार, मध्ये क्षेत्र न मानता, एका कणाचा दुसऱ्या कणाशी थेट संबंध मानून मांडता येतात, असे काही पदार्थवैज्ञानिकांनी दाखवले होते. केंब्रिजला फ्रेड हॉइल आणि जयंतरावांनी १९६४ साली गुरुत्वाकर्षणही त्याच धर्तीवर मांडले. विजेला भूमितीचे वस्त्र नेसवण्याऐवजी गुरुत्वाकर्षणाला विजेचे नेसवले म्हणा ना! पुढे १९८८ साली पुण्यात 'आयुका' ही संस्था त्यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिली. तिचा संबंध शेवटी येतो.

मग या सगळ्या खटाटोपाचे फलित काय? श्रोतेहो, येथे इतिहासाने एक गंमत केली. वाईलची चुकलेली कल्पना अकरा वर्षांनी, १९२९ साली, वाईलनेच दुरुस्त केली. पुंजवादाप्रमाणे प्रत्येक इलेक्ट्रॉनबरोबर घड्याळाच्या काट्यासारखी फिरणारी एक गोष्ट असते. वाटेप्रमाणे बदलते ती गजाची लांबी नव्हे, तर हा काटा! दोन इलेक्ट्रॉन दोन वाटांनी आले तर त्यांच्या काट्यांत फरक पडतो, आणि त्या फरकालाच आपण विद्युत्-चुंबकीय क्षेत्र म्हणतो. १९५९ साली आहारोनोव्ह आणि बोम यांनी याची कसोटी सुचवली. इलेक्ट्रॉनच्या वाटेवर चुंबकीय क्षेत्र मुळीच नसेल, ते फक्त दोन वाटांच्या मधल्या बंदिस्त जागेत असेल, तरीही काट्यांत फरक पडला पाहिजे असे ते म्हणाले. पुढे प्रयोगांत तो फरक आढळला. म्हणजे वीजही भूमितीच ठरली. फक्त ती जमिनीची भूमिती नव्हे, काट्यांची भूमिती. अणुगर्भातल्या इतर शक्तींचे सिद्धांतही पुढे याच नमुन्यावर बांधले गेले. फेकून दिलेल्या कल्पनेवर अर्धे पदार्थविज्ञान उभे राहिले आहे!

तेव्हा त्या मागच्या बाकावरच्या मुलाला आज खरे उत्तर द्यावयाचे ते असे. बाळ, दोन्ही ओढी म्हणजे भूमितीच आहे. पण एक जमिनीची आणि दुसरी काट्यांची. हे दोन नकाशे एका कागदावर कसे आणावयाचे, हे अजून कोणाला साधलेले नाही. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात पडलेल्या पावसाचे काही पाणी सिंदफणेने गोदावरीला जाते आणि काही मांजरेने. मांजरा मोठा वळसा घेते, पण शेवटी तीही तेलंगणाच्या हद्दीवर गोदावरीलाच मिळते. या दोन विद्यांचा संगम असाच पुढे कोठे तरी असावा, असे पुष्कळांना वाटते. पण ते वाटणे झाले. गणित आणि प्रयोग यांचा शिक्का त्यावर अजून बसावयाचा आहे.

एक गोष्ट मात्र मोजून हाती आली आहे. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन मृत तारे एकमेकांवर आदळल्याच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे खुद्द अवकाशाची थरथर, पृथ्वीवर नोंदल्या गेल्या. आणि अवघ्या १.७ सेकंदांनी त्याच घटनेचे गॅमा किरण आले. गॅमा किरण हे प्रकाशाचेच भाऊबंद. सुमारे १३ कोटी वर्षांचा प्रवास करून दोघे पावणेदोन सेकंदांच्या आत पोहोचले, म्हणजे दोघांचा वेग जवळजवळ तंतोतंत एक. आणि गुरुत्वाकर्षणाची ही थरथर मोजावयाचे साधन तरी कोणते? प्रकाशच. चार किलोमीटर लांबीच्या, काटकोनात मांडलेल्या दोन नळ्यांतून लेसरचा प्रकाश नेऊन परत आणतात आणि दोन्ही किरण जुळतात का, हे पाहतात. असे एक यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, उभारावयाचे आहे. त्याचे नाव लायगो-इंडिया. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले, आणि मघा सांगितलेली 'आयुका' त्या कामातली एक भागीदार आहे. बीडहून निघून परभणी ओलांडली की हिंगोली. एका ज्योतिर्लिंगाहून, आपल्या परळीहून, दुसऱ्या ज्योतिर्लिंगाला जाण्याइतकेच ते अंतर.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. आपल्या जिल्ह्यातली पुष्कळ मुले दसरा-दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. त्यांचे धडे बुडतात. ते भरून काढणे कठीण आहे, हे आपण जाणताच. पण फणीचा आणि कपट्यांचा प्रयोग हिवाळ्यातच चांगला होतो. पावसाळ्याच्या दमट हवेत तो नीट साधत नाही. म्हणजे मुलगा कारखान्याच्या तळावर असेल तेव्हाच त्याची वेळ असते. त्याला फळा लागत नाही की प्रयोगशाळा लागत नाही. जाण्यापूर्वी एवढे सांगून ठेवावे की, कपटा वर का उडाला आणि दगड खाली का पडला, या दोन प्रश्नांचे एक उत्तर जगात अजून कोणाजवळ नाही. आणि त्या उत्तरासाठी पहिल्यांदा प्रयोगाला बसलेला माणूस लोहाराचा मुलगा होता, हेही सांगावे. तो परत येईल तेव्हा काही विचारील. त्या वेळी त्याला खाली बसवू नये.